वीस दातांची डबी

माझ्या मुलीचे दुधाचे दात कौलांवर गेले, असं मी डॉक्टर मुजावरांना छातीठोकपणे सांगितलं. खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचा इतका आनंद झाला होता की तोंडावर हसू फुटू नये म्हणून मी ओठ दाबून धरले होते.

डॉक्टर मिरजेत बसल्या होत्या आणि आमच्या सोप्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होत्या. घरचे सगळे समोर बसलेले.

"पडलेला दात आमच्यात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात," मी म्हणाले. "म्हणजे नवा दात उंदरासारखा बारीक आणि पक्का येतो. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं फेकलेत, वीसच्या वीस. आता तर ती कौलंही राहिली नाहीत, स्लॅब पडलाय. तेव्हा तुमची ती तपासणी काही आमच्याकडं जमायची नाही."

"व्हय की," आक्का म्हणाल्या. "म्या सवता फेकल्यात. गेलं ते."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही बोलण्याला त्यांनी इतक्या चटकन मान डोलावली नव्हती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कोपऱ्यात बसलेल्या मिहिकानं कानावरच्या हेडफोनची एक बाजू उचलली.

"दात कौलावर नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडे आहेत. डबीत. वीस. तारखांसह."

माझे यजमान धनंजय यांनी आधी मुलीकडं पाहिलं, मग आईकडं. "मग आक्का, तू काय फेकलंस गं?"

"मक्याचे दाणे," मिहिकानं उत्तर दिलं. "पांढरे. एकोणीस वेळा मका आणि एकदा खडा. त्या दिवशी घरात मका नव्हता."

"आगं पर सांगायचं न्हाईस व्हय मला?" आक्का कळवळल्या.

"तू 'फेकू का' विचारलंस. मी 'हो' म्हणाले. गोळ्यात काय आहे ते तू विचारलं नाहीस. दात माझे होते. वर पावसात भिजले असते."

एवढं सांगून तिनं हेडफोन परत कानावर ओढला. पडद्यावर डॉक्टर मुजावर तोंडावर हात धरून हसत होत्या. माझं मात्र दाबून धरलेलं हसू पळालं.

मिहिकाबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. ती ऑगस्टमध्ये अठराची झाली. सव्वापाच वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. मिक्सर लागला की कान झाकून पलंगाखाली जायची. कॉलरचा कपडा मानेला लागला तर किंचाळायची, आणि वरण भाताला चिकटलं तर ताटच सारून द्यायची. खेळणी खेळण्यापेक्षा ती ओळीत लावायची, आणि ओळीतलं एक जरी हललं तरी तिचा दिवस गेलाच. आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे फडफडवायची, अजूनही फडफडवते. तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला मला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायचंय. वाटीत चमचा पडला तरी जिच्या अंगावर काटा येतो, अख्ख्या गल्लीचा आवाज जिच्या कानात एकदम शिरतो, ती स्वतःत मग्न कशी? ती जगात इतकी बुडालेली असते की तिला मध्येमध्ये दार लावून घ्यावं लागतं.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. गच्चीवरून पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. सातव्या वर्षापासून मिहिका त्यांची वही ठेवते. कुठली चक्की बंद, कुठली रडतखडत फिरते, सगळं त्यात असतं. सोळाव्या वर्षी तिनं कंपनीला कळवलं की एक्केचाळीस नंबरच्या चक्कीच्या बेअरिंगचा आवाज बदललाय. त्यांनी हसण्यावारी नेलं. बाविसाव्या दिवशी ती चक्की बसली. आता कंपनी तिला रोज चक्क्यांचे आवाज पाठवते, ती घरी बसून ऐकते आणि कुठली आजारी पडणार ते सांगते. पण त्याच मुलीला पाहुण्यांना 'या, बसा' म्हणायला आजही जमत नाही, आणि ठरलेला रस्ता खणलेला असला की ती रडकुंडीला येऊन घरी परतते. कौतुकाच्या बातम्यांत हा दुसरा भाग कुणी छापत नाही.

आता तपासणीबद्दल. सरकारी योजनेत तिचं नाव भलतंच लांबलचक होतं, लोक नुसतं 'दाताचं पंचांग' म्हणायचे. धनंजय वीज कंपनीत लाइनमन. फॉल्ट कुठं आहे ते कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनीच फॉर्म भरला. डॉक्टर मुजावरांनी आम्हाला समजावलं ते असं:

"दुधाचा दात बाळ पोटात असतानाच घडायला लागतो, साधारण चौदाव्या आठवड्यापासून. झाडाच्या खोडात जशी वर्षाची कडी असते, तशी दातात दिवसादिवसाची रेघ पडते. आईला ताप आला, अंगात शिसं गेलं, धुरानं दाह झाला, की त्या दिवसाच्या रेघेत खूण राहते. आपण लेसरनं एकेक रेघ वाचतो. हे झालं पंचांग. पण पंचांगानं फक्त 'काय झालं' ते कळतं. 'त्यामुळे काय झालं' ते कळत नाही."

"मग?" धनंजय पुढं सरकले.

"मग वाट्या. मिहिकाचं चमचाभर रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी मागं नेत नेत गर्भातल्यासारख्या करायच्या, आणि त्यांपासून मेंदूच्या पेशींचे मोहरीएवढे गोळे वाढवायचे. ते विचार करत नाहीत, त्यांना काही दुखत नाही. फक्त मेंदूची सुरुवातीची बांधणी तिथं बघता येते. गोळे दोन वाट्यांत वाढवायचे. एका वाटीत पंचांगातला प्रत्येक दिवस जसाच्या तसा द्यायचा, तेवढाच ताप, तेवढंच शिसं. दुसरीत काहीच द्यायचं नाही. दोन्हींची बांधणी वेगळी निघाली, तर त्या खुणांचा दोष. सारखीच निघाली, तर नाही."

म्हणजे ते यंत्र आईच्या नऊ महिन्यांची उलटतपासणी घेणार होतं. आणि मला ती नको होती.

कारण आहे. ते आता सांगूनच टाकते.

माझं माहेर बेदाण्याचं. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून वाळवायच्या शेडमध्ये, बंद खोलीत त्याला गंधकाची धुरी देतात. कितीची धुरी, किती वेळ, हे माझ्या हातासारखं कुणाला जमत नाही असा माझा तोरा होता. मिहिकाच्या वेळी मला पाचवा लागला होता. धनंजय ट्रेनिंगला नाशिकला गेलेले. जाताना बजावून गेले होते, "कांचन, शेडकडं फिरकायचं नाही." मी त्यांच्या हातावर हात ठेवून 'नाही' म्हणाले होते. मार्चमध्ये आभाळ भरून आलं, भावाचा माल रॅकवर पडलेला, आणि धुरी देणारा माणूस नेमका आजारी. भाऊ नको म्हणत होता. मीच हट्टानं गेले. अकरा दिवस गेले. डोळे चुरचुरायचे, छाती भरायची, रात्री खोकून पोट दुखायचं. आणि मला काय वाटायचं? की बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही!

हे मी कुणालाही सांगितलं नाही. एक मिहिका सोडून. ती लहान होती, बोलत नव्हती, तेव्हा मार्च आला की तिला मांडीवर घेऊन तिच्या कानाशी मी सगळं ओकून टाकायची. देवळात नंदीच्या कानात सांगतात तसं. ती डब्याचं झाकण फिरवत बसलेली असायची. नंतर ती बोलायला लागली आणि माझं सांगणं बंद झालं.

निर्णय कुणाचा, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. मुलगी अठरा पूर्ण, दात तिचे, रक्त तिचं. मिहिकानं तीन प्रश्न विचारले. सुई किती सेकंद? दात परत मिळेल का? निकाल आकड्यात की वाक्यात? उत्तरं मिळाल्यावर ती म्हणाली, "करायचं."

"कशाला गं?" मी तिला एकटीला गाठून विचारलं. "तू आहेस तशी आम्हाला हवी आहेस. कारण कळून काय फरक पडणार?"

"मला काही फरक पडणार नाही," ती माझ्या खांद्यापलीकडच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाली. "मी बंद पडलेली चक्की नाही. पण माहिती हवी आहे."



मिरजेला जायच्या आदल्या दुपारी मी एक पाप करायला निघाले. मिहिका गच्चीवर आवाज ऐकत होती, धनंजय खांबावर. डबी तिच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, पट्टीनं मोजून मधोमध ठेवलेली असते. मी ठरवलं होतं की ती सरळ ओढ्यात टाकायची. पावलं न वाजवता खोलीत शिरले, तर कपाट उघडं, आणि समोर आक्का. डबी त्यांच्या पदराखाली.

चोराच्या घरी चोर शिरावा अशी गत झाली.

"पुसत हुते," आक्का म्हणाल्या. "धूळ लई बसलीया."

"मी पण पुसायलाच आले," मी म्हणाले.

"मग पूस की."

"नाही, तुम्ही पुसा."

त्यांनी खरोखर पदरानं डबी पुसली आणि जागेवर ठेवली. मी पट्टी घेऊन ती मधोमध सरकवली. सत्तर पार केलेल्या आक्कांनी कपाटाचं दार लावलं. त्या कशाला आल्या होत्या, हे मी विचारलं नाही, कारण मग त्यांनी मला विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिहिकानं तिसरा पडलेला दात डॉक्टरांच्या हातावर ठेवला. पुढचा वरचा, पडल्याची तारीख लिहिलेल्या कागदाच्या पुडीतला. सुईच्या वेळी तिनं मोठ्यानं सात सेकंद मोजले. पाचच लागले, तर उरलेले दोन तिनं सुई काढल्यावर पूर्ण केले.

"निकाल मार्चमध्ये," डॉक्टर म्हणाल्या. "वाटीतल्या पेशींना घाई चालत नाही."

मार्च म्हणजे पाच महिने. त्या पाच महिन्यांत मी घरात सगळ्यांवर खेकसले. भाजी खारट करून ठेवली आणि खाणाऱ्यांवर चिडले. रात्री धनंजय विचारायचे, "तुला झालंय तरी काय?" आणि मी म्हणायची, "काय व्हायचंय?" मनात एकच हिशेब चालायचा. खूण निघणार, आणि त्या एकोणिसाव्या आठवड्यावर बोट ठेवून डॉक्टर विचारणार, इथं काय झालं होतं? तेव्हा मुलीसमोर मला सांगावं लागणार की तू मिक्सर लागला की पलंगाखाली जायचीस, शाळेत पोरं तुला वेडी म्हणायची, आणि ते माझ्या तोऱ्यापायी. ती मला काय म्हणेल याची भीती नव्हती. ती काहीच म्हणणार नाही, नुसतं वहीत लिहून ठेवेल, याची होती.

आक्काही वाळत चालल्या होत्या. एकादशी सोडून इतर दिवशीही उपास धरू लागल्या. मला वाटलं, वय झालं.

मार्चच्या नऊ तारखेला आम्ही चौघं मिरजेच्या केंद्रात डॉक्टर मुजावरांच्या समोर बसलो. खोली मिहिकासाठी मुद्दाम मंद उजेडाची केली होती, पंखाही बंद ठेवला होता. डॉक्टर म्हणाल्या, "मी आधी शेवटचा निकाल सांगून टाकते."

"नको," मिहिका म्हणाली. "आधी रेघा. मग वाट्या. क्रमाने."

त्या पोरीच्या क्रमाचा मी आयुष्यात इतका राग कधी केला नव्हता.

पडद्यावर दाताचा काप दिसला. पातळ दुधी काच असावी तसा, आणि त्यात केसांहून बारीक शेकडो रेघा. त्यांतल्या दोन ठिकाणी रंग भरलेला होता.

"बाकी सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही पहिली खूण पंधरा-सोळाव्या आठवड्याची. इथं शिसं सापडलं. दोनेक आठवडे रोज थोडं थोडं पोटात गेलंय. काही औषध चालू होतं का? गावठी काही?"

"छे," मी म्हणाले. "डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय मी काही घेतलं नव्हतं."

"घेतलं हुतंस," आक्का म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या आणि जमिनीकडं बघत होत्या.

"म्या दिलं. दुधातनं. येक बाई पुडी द्यायची, पोरगा व्हावा म्हनून. तुझ्या उलट्या थांबल्या तवापास्नं पंधरा दिस दिली. तरी पोरगीच झाली, ती बी बोलंना. तवा मला कळलं, माज्या हातानं वाटुळं झालं. अठरा वर्सं म्या त्वांड दाबून बसलीया, कांचन. मला काय बी बोल. पर बोल."

मला आक्कांचा राग आला. असा राग की उठून त्यांना गदागदा हलवावं. माझ्या पोटात, मला न विचारता, पोरगी नको म्हणून! धनंजय तर उभेच राहिले होते. "आक्का! अगं विष घातलंस की तिला!" आणि खरं सांगते, त्या रागाच्या तळाशी एक हलकट सुटका होती. गुन्हेगार सापडला होता, आणि तो मी नव्हते. मला नुसतं गप्प बसायचं होतं.

डॉक्टरांचं बोट पुढं सरकलं. "ही दुसरी. एकोणिसावा-विसावा आठवडा. दाहाची खूण आहे. जवळपास अकरा दिवस. धूर असेल, जंतुसंसर्ग असेल..."

आक्का पदराच्या आड हुंदके देत होत्या. मी गप्प बसले असते तर ही खूण ताप म्हणून खपून गेली असती. पण जी बाई सत्तरीत सुनेसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल झाली, तिच्या पदरात मी माझंही माप टाकू? तेवढी नीच मी नाही.

"धूर," मी म्हणाले. "गंधकाचा. मी शेडवर गेले होते. अकरा दिवस."

धनंजय माझ्याकडं वळले. "तू मला हातावर हात..."

"हो. ठेवला होता. तरी गेले."

ते हळूच खाली बसले. आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "म्हणजे या घरात अठरा वर्षं एवढं सगळं चाललंय," ते म्हणाले, "आणि मला कुणी काही सांगितलंच नाही?"

"आता वाट्या," मिहिका म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पडद्यावर दोन चित्रं आणली. गोल, झाडाच्या मुळांसारख्या बारीक धाग्यांनी भरलेली.

"डावी वाटी म्हणजे सगळ्या खुणांसकट. उजवी म्हणजे एकही खूण नाही, ना पुडी, ना धूर. प्रत्येक प्रकारचे चाळीस गोळे वाढवले. आता बघा."

आम्ही बघितलं. मला दोन्हींत काही फरक दिसेना. मला वाटलं आपल्यालाच कळत नसेल.

"सारख्या आहेत," मिहिका म्हणाली.

"सारख्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही द्राक्षवाल्या भागातली माणसं, छाटणी तुम्हाला सांगायला नको. मेंदूत सुरुवातीला जोडण्या भरमसाट फुटतात आणि मग त्यांची छाटणी होते. मिहिकाच्या मेंदूत काही भागांत ही छाटणी कमी होते. म्हणून आवाज, उजेड, स्पर्श सगळंच जास्त आत येतं, आणि म्हणूनच बेअरिंगही ऐकू येतं. पण ही कमी छाटणी दोन्ही वाट्यांत तेवढीच आहे. तुम्ही शेडवर गेला नसतात, आजींनी पुडी दिली नसती, तरी हीच मिहिका जन्माला आली असती. आजी, शिसं वाईटच. ती पुडी द्यायला नको होती, आणि आता कुणी देत असेल तर तुम्हीच जाऊन अडवा. पण ऑटिझम त्यानं आलेलं नाही. ताई, तुमच्या धुरानंही नाही. दुसऱ्या कुणाच्या दातात काय निघेल ते मी सांगत नाही. ही गोष्ट मिहिकाची आहे."

"मग आलं कुठनं?" धनंजयांनी विचारलं. फॉल्ट सापडल्याशिवाय ते उठणार नव्हते.

"जनुकांतून. एखाद्या मोठ्या दोषातून नाही, शेकडो बारीक फरकांतून. एकेकटा फरक काहीच करत नाही, तो तुमच्या-माझ्यातही असेल. ते सगळे एका ठिकाणी जमले. साधारण निम्मे आईकडून आलेत, निम्मे तुमच्याकडून, आणि थोडे तिचे तिलाच नव्यानं झालेत, त्याला कुणीच जबाबदार नाही."

"निम्मे माझ्याकडून?" धनंजयांचा चेहरा असा उजळला जणू त्यांचा सत्कार ठरलाय. "म्हणजे माझाही वाटा आहे! तरीच मी म्हणतो, पकडी आकारानं लावल्याशिवाय मला झोप का येत नाही."

"तुम्ही वरण भाताला लावून खात नाही," मिहिका म्हणाली. "मी लिहून ठेवलंय."

डॉक्टर हसल्या, धनंजय हसले, आणि मला कळेना की माझ्या छातीत काय चाललंय. अठरा वर्षं एका जागी एक धोंडा होता. त्याच्याभोवतीनं श्वास घ्यायची मला सवय झाली होती. तो गेला, तर श्वास कसा घ्यायचा तेच आठवेना. मी आक्कांकडं पाहिलं. त्यांच्याही तोंडाचा आ झालेला होता. राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पुडीबद्दल मी त्यांना त्यानंतर पुष्कळ बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या वेळी मी त्यांचा हात धरला.

"धूळ गेली बघा, आक्का," मी म्हणाले.

"गेली बया," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या.

बाहेर व्हरांड्यात धनंजय आक्कांसाठी चहा बघायला गेले. मिहिका बाकावर बसून डबीत दात परत ठेवत होती. लेसरनं कापलेले दोन तुकडे तिनं एका पुडीत घातले आणि पुडीवर नवी तारीख टाकली. मी शेजारी, मध्ये तिला लागतं तेवढं वीतभर अंतर ठेवून बसले.

"आई," ती डबीकडंच बघत म्हणाली, "मार्च आहे. आता सॉरी म्हणू नकोस."

"म्हणजे?"

"दोन हजार एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. चारही वर्षी मार्चमध्ये तू मला मांडीवर घेऊन म्हणालीस, मिहू, मला माफ कर, मी अकरा दिवस शेडवर गेले, माझ्यामुळं तुझं असं झालं. पंचवीसपासून मोठ्यानं म्हणाली नाहीस. पण मार्चमध्ये तू भाजी खारट करतेस. दरवर्षी."

मी तिच्याकडं वळले. "तुला... तुला तेव्हा कळत होतं?"

"शब्द आत येत होते. बाहेर काढता येत नव्हते."

नंदीच्या कानात सांगितलेलं नंदी ऐकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपल्याच लेकराला मी दगड समजले होते. तिच्या कानात माझं ओझं ओतून मी हलकी व्हायची, आणि दोन वर्षांची, तीन वर्षांची ती पोर झाकण फिरवत ते सगळं साठवत होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" मी विचारलं. "एकदा तरी म्हणायचंस, आई, तुझी चूक नाही."

"माझ्याकडे पुरावा नव्हता," मिहिका म्हणाली. "नुसतं म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. तू कुणाचं ऐकत नाहीस. बाबा म्हणतात. म्हणून तपासणी केली."

"माझ्यासाठी?"

"मला माहिती हवी होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, जणू यादीतलं राहिलेलं काही आठवलं, "तुला द्यायला."

मला ती पोटाशी धरावीशी वाटली. पण तिला मिठी सोसत नाही, म्हणून मी हात मांडीवरच ठेवले आणि रडले. तोंड न झाकता, मोठ्यानं, येणारेजाणारे बघत होते तरी रडले. मिहिकानं हेडफोन कानावर चढवले, आणि मग आपला खांदा माझ्या खांद्याला घट्ट टेकवला. ती असं कधी करत नाही. तिनं घड्याळ बघितलं.

"रडणं किती मिनिटं चालेल? बस चार दहाची आहे."

"पाच मिनिटं दे."

"ठीक आहे. मी थांबते."

मी चार मिनिटांतच आटपलं.